दुभाषी

बदकं अठरा. ती मोजणं माझ्याकडे,
बादली कोलासकडे.
सर थांबली की तो सुपारीच्या बागेत शिरायचा,
पानांखालच्या मुठीएवढ्या गोगलगायी उचलायचा,
आणि बादलीत टाकण्याआधी
प्रत्येकीला नाव द्यायचा.
नाव दिलेली मी ठेचायचे,
चपट्या दगडावर, लाकडी बत्त्याने.
बदकं मान लांबवून धावत यायची.
कोलास हात चड्डीला पुसायचा, पुसला तर,
आणि त्याच हातांनी उसाचं कांडं सोलायचा.

चार वर्षांचा होता.
एकदा त्याने एकीला दंडावरून चालू दिलं.
कोपरापासून मनगटापर्यंत ओली रेघ चमकली.
"बघ," म्हणाला, "हिने माझ्यावर नदी काढली."

तिसऱ्या आठवड्यात डोकं धरून बसला.
मान वळेना. ओकला. दिवा नको म्हणाला.
इनाने, आम्ही आईला इना म्हणतो,
तांदळाच्या दारूत बोट बुडवून
पूर्वजांसाठी चार थेंब उडवले,
मग कोंबडा विकला
आणि आम्ही ह्वालिएनची गाडी धरली.

डॉक्टर चुआंग मँडरिन बोलायचे.
इनाला ती येत होती बाजारापुरती,
माशांचा भाव पाडण्याइतकी.
मला पूर्ण येत होती, कारण शाळेत
आपली भाषा तोंडातून निसटली
की गळ्यात पाटी अडकवायचे.
तीच मी, नऊ वर्षांची,
दोघांच्या मध्ये स्टुलावर उभी.

"काय खाल्लं होतं त्याने?"
भात. मासे. ऊस. सांगितलं.
"कच्च्या गोगलगायी? हात लावला होता त्यांना?"

तो शब्द मला येत होता.
दुसरीच्या पुस्तकात चित्रासकट होता.
मी इनाकडे वळले आणि म्हटलं,
"विचारतायत, झोप लागते का त्याला?"
इना म्हणाली, नाही.
मी डॉक्टरांना म्हटलं, "नाही."

शब्द चोख पोचवला.
वर्गात मला सगळे गरीब म्हणायचे.
गोगलगाय, पोटात पाय.

दोन दिवस ते 'नाही' कागदावर राहिलं, निळ्या शाईत.
दोन दिवसांत त्याचा डावा डोळा नाकाकडे सरकला.

मग त्याला कुशीवर घेतलं, गुडघे छातीशी,
जणू कोणीतरी त्याला शंखात परत कोंबतंय,
आणि पाठीच्या कण्यातून पाणी काढलं.
नारळाच्या पाण्यासारखं, जरासं गढूळ.
सुई निघाली तसा कोलास म्हणाला,
"आता कमी दुखतंय."

तेव्हा मला वाचा फुटली.
दोन्ही भाषांत. आधी कोणती, आठवत नाही.
बादली, दगड, ऊस, आणि ती नदी.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.
जंत उंदराचा आहे, म्हणाले.
उंदराच्या मेंदूतून फुफ्फुसाकडे जायची वाट त्याला पाठ असते.
माणसाच्या पोरात शिरला की चुकतो,
मेंदूशीच घुटमळतो आणि तिथेच मरतो,
आणि त्याचं मरणंच पोराला जाळतं.
हे इनाला सांग.

मला शब्द सापडेनात.
म्हटलं, "एक पाहुणा चुकीच्या घरात शिरलाय."
"मग त्याला दार दाखवा म्हणावं," इना म्हणाली.
मी तसंच सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.
"त्या घराला दार नाही," म्हणाले.

हे वाक्य मी इनाला दिलं नाही.
अजून माझ्याकडेच आहे.

कोलास वाचला. आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो,
मान डावीकडे तिरकी धरून,
नाहीतर त्याला एकाचे दोन बोल्ट दिसतात.
गिऱ्हाइकांना वाटतं, लांबचं काहीतरी ऐकतोय.

बदकं त्याच हिवाळ्यात विकली.
ठेचायचा दगड इनाने घासून, धुऊन
दाराची पायरी म्हणून बसवला.
मला काही बोलली नाही, तेव्हाही, नंतरही.
माहेरी गेले की मी लांब टांग टाकते
आणि थेट उंबऱ्याच्या आत उतरते.
इना चुलीपाशी असते.
पाठमोरी.