उसनी ताकद

घोटीच्या बाजारातून युरियाची एकच गोणी आणली.
भिकाजीनं विचारलं, बाकीची?
मी उकिरड्याकडे बोट केलं.

खाचरात गेल्या वर्षी अंबाडी होती.
वाख निघाला, दोरखंडं वळून झाली,
पाल्याचा थर तिथेच राहिला.
नांगर घातला तेव्हा
त्याचा आंबूस वास नाकात बसला तो दोन दिवस.

सासरे म्हणायचे, गोणीचं खत म्हणजे उसनी ताकद.
खरंच ते. पण नुसत्या शेणावर
आमची गरी कोळपी पोटरीत अडते, हेही खरंच;
ते बघायला ते कधी वाकले नाहीत.

मी वाकले.
एक खाचर शेणाचं, एक गोणीचं, एक दोन्हींचं.
पहिल्या लोंबीत एकशे बारा दाणे, दुसरीत एकशे तीस,
तिसरी मोजताना जनाक्कानं बांधावरून हाक मारली
आणि आकडा चुकला.
परत मोजली नाही. हाताला जड लागत होती.

आता युरियाच्या रिकाम्या गोणीतूनच
शेणखत वाहते मी.
परवा ऐन उतारावर गोणी उसवली.
अंबाडीच्या सुतळीनं टाके घातले,
दोन घट्ट, तिसरा जरा ढिला,
आणि घेतली डोक्यावर.