बरणीवरचं झाकण

कावालाच्या धक्क्याला लागून तंबाखूचं गोदाम होतं,
गठ्ठे गेले तरी वास राहिला.
त्या वासात बसून माझा भाऊ अनेस्तिस
लग्नाच्या हॉलातून उसना आणलेला ऑर्गन वाजवायचा.
त्याची एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही,
रुसलेल्या पोरासारखी.

चौघं होती ती.
ड्रमवर थ्रासोस, दिवसा बर्फाच्या कारखान्यात.
बासरीवर पाव्लिना, घरच्यांच्या मते शिवणाच्या क्लासला गेलेली.
आणि गिटारवाला झिसिस,
ज्याला जगातलं प्रत्येक गाणं आखूड वाटे.
"तीन मिनिटांत माणसाला चप्पलसुद्धा सापडत नाही," म्हणायचा.
म्हणून रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एकच गाणं,
एकोणीस मिनिटांचं.
आधी सात मात्रा, मग अकरा, मग भगवंताला ठाऊक किती,
आणि मधोमध
काळ्या समुद्राकाठून पळून येताना
आजोबांनी सोबत आणलेली नाचाची चाल,
पावलं मुद्दाम उलटी टाकलेली.

कर्नलांचं राज्य होतं,
गाण्याचे शब्द आधी त्यांना दाखवावे लागत.
कागद परत आला. लाल पेन्सिलीनं
एकच शब्द खोडलेला, सात ठिकाणी:
खिडकी.

रात्रभर बसमध्ये अवघडून अनेस्तिस अथेन्सला पोचला.
कारकून कॉफी ढवळत होता.
"खिडकीतून लोक बघतात," तो म्हणाला.
"मग दार लिहू?"
"दारातून तर बाहेरच पडतात."

त्या सात जागी कुणी काही गायलं नाही.
पाव्लिनानं बासरीत नुसती फुंकर घातली,
सूर लागणार नाही एवढी हलकी,
तावदान नीट बसलं नाही की वारा येतो, तशी.

हाताशी एक रात्र, एक टेप.
चौदाव्या मिनिटाला थासोसच्या फेरीबोटीचा भोंगा
भिंती ओलांडून आत घुसला.
थांबावं तर दुसऱ्या टेपला पैसे कुठले?
थ्रासोसनं भोंगा मोजला, दोन ठोक्यांत गुंडाळला,
आणि ऑर्गनची ती रुसलेली पट्टी
नेमकी त्याच सुरात निघाली.
ठरवून केलं असतं तर सगळंच फसलं असतं.

तीनशे प्रती निघाल्या.
मी चौदा वर्षांची,
मैद्याची खळ शिजवून कव्हरं चिकटवत होते.
कव्हरवर काळी चौकट, आत कोरा कागद.
एकेचाळीस खपल्या.
बाकीच्यांची खळ झुरळांनी संपवली,
कागदासकट.

थ्रासोस जहाजावर गेला तो गेलाच.
झिसिस श्टुटगार्टला मोटारींची दारं बसवायचा.
पाव्लिनाच्या मुलांना अजून ठाऊक नाही.
अनेस्तिसला जाऊन सहा वर्षं झाली,
शेवटी डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं,
तरी पोरांना अकॉर्डियन शिकवायचा, उजवा कान पुढे करून.

परवा ओसाकाहून एकजण आला,
पाठीवर सॅक, हातात वही.
चौघांची नावं माझ्यापेक्षा स्वच्छ घेत होता.
बोलला ती रक्कम, त्यात छप्पर झालं असतं.

एक आहे बहुतेक, मी म्हटलं.
आईनं ती ऑलिव्हच्या बरणीवर ठेवली होती,
वर धोंडा. इतकी वर्षं मिठाच्या पाण्याच्या वाफेवर
खोलगट झालेली, ताटलीसारखी.
त्यानं दोन्ही हातांनी घेतली, शर्टानं पुसली, लावली.
सुई होडीसारखी वर चढे, खाली येई,
सूर भोवंडत होते,
भोंगा तर पाण्याखालून वाजला.

सातव्या फटीपाशी मी कप उचलत होते.
तोंडातून तो शब्द निघून गेला, मोठ्यानं.
त्याला ग्रीक येत नव्हतं.
तरी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

विकली नाही. विकायला हवी होती,
न्हाणीवरचं छप्पर गळतंय.
शिवाय बरणीवर आता बशी ठेवलीय,
ती नीट बसत नाही.