कुमसाराची तालीम

इंग्रजी वर्गात चाळीस मुलं. त्यांना वरचा हॉल, पंखे, पडदा.
मराठी वर्गात सात.
आम्हाला वेदीमागची खोली,
जिथं नाताळच्या गोठ्यातला उंट
वर्षभर एका डोळ्यानं भिंतीकडं बघत उभा असतो.
सात मुलं आणि उंट.
उंटाची हजेरी सगळ्यात चांगली.

सोमवार ते शनिवार मी सीप्झमध्ये हिरे तपासते.
एकेक खडा भिंगाखाली धरायचा,
आत कुठं काळा ठिपका, चीर, ढग,
सापडला की चिठ्ठीवर लिहायचा, पुडी वेगळी.
एकवीस वर्षांत डोळ्याला सवय लागली,
आधी डाग दिसतो, मग चमक.
रविवारी भिंग ड्रॉवरमध्ये असतं.
डोळा मात्र तोच घेऊन यावा लागतो.

"आता समजा, मी फादर."
खुर्ची आडवी करते, पाठीवर टॉवेल टाकते,
झाली जाळी.
एल्रॉय गुडघे टेकतो धपकन.
"फादर, मला आशीर्वाद द्या, कारण मी पापी आहे.
ही माझी पहिली... टीचर, पुढं काय ते?"
पापं तीन. आईला उलट बोललो,
बहिणीचा खोडरबर खाल्ला,
मिस्सेत जांभई दिली.
"खाल्ला?"
"आधी चावला. मग गिळला."

समर्पण पारखेकडं पाप नाही.
रात्रभर शोधलं म्हणतो.
माणसं जालन्याकडची, राहतात वॉचमनच्या खोलीत,
बिल्डिंगच्या पाण्याची मोटर हाच चालू-बंद करतो,
वय वर्षं नऊ.
"टीचर, एल्रॉयचं एखादं घेऊ?"
एल्रॉय उदार. जांभई देऊन टाकतो.

स्तुती शेवटची.
टॉवेलपलीकडं बराच वेळ नुसता श्वास.
मग, "दुसऱ्याचं सांगितलं तर चालतं?"
कुणाचं गं?
"पप्पांचं. ते येत नाहीत ना इथं.
मी सांगितलं तर त्यांचं पुसलं जाईल?
प्रायश्चित्त मी करीन. दहा नमो मरिया. वीस पण."

पुस्तकात धडा अकरावा आहे,
पाप ज्याचं त्यानं सांगायचं. एकच ओळ,
खाली रंगवायला एक कोकरू.
मी धडा अकरावा काढला नाही.
बसून राहिले फादरच्या जागी,
कसलाच अधिकार नसलेली बाई,
टॉवेलवर धोब्याची खूण होती, ती वाचत.
वर्ग सुटल्यावर तिच्या आईबरोबर
मरोळ पाइपलाइनपर्यंत चालत गेले.
काय बोललो, ते आमच्यात.

पण त्याआधी बशी आली.
सिस्टरांनी दिलेल्या पातळ चकत्या, आशीर्वाद न झालेल्या,
कडा तुटलेल्या, तालमीपुरत्या.
डावा हात वर, उजवा खाली. घाई नाही. आमेन मोठ्यानं.
स्तुतीच्या तळव्यावर निळ्या पेनानं
पश्चात्तापाची प्रार्थना, घामानं फुटलेली.
तिच्यावरच ठेवली चकती.
मागं थोडी शाई लागली. तिनं तशीच खाल्ली.

समर्पण चघळत राहिला.
"कशाचीच चव नाही, टीचर."
"हो."
"खऱ्या दिवशी असेल?"
"खऱ्या दिवशीपण अशीच लागते."
त्यानं हे उंटासारखं ऐकून घेतलं,
जीभ टाळूला लावून, विचार करत.

आणि मग एकदम उठला.
"मोटर!"
चप्पल एक पायात, एक हातात.
"साडेनऊला बंद करायची होती! टाकी वाहतेय!"
दारात थबकला, वळला,
चेहरा असा की मी असा खडा
अजून भिंगाखाली धरलेला नाही.
"टीचर, हे माझं धरतील ना?"
उत्तराला थांबलाच नाही.
आवारातून आवाज आला फक्त,
"एल्रॉय, तुझी जांभई परत घे!"