कौल

गावाला तीन भाषांत तीन नावं,
पाटीवर तिन्ही रंगवलेली,
आणि राहणारी माणसं एकशे बारा.
त्यातली शेवटची सॅक्सन हर्मिनेबाई.
चर्चची किल्ली तिच्याकडे, कोपरापासून मनगटापर्यंत लांब,
खिशात मावत नाही, म्हणून ती
लांबट पाव बगलेत मारून निघाल्यासारखी येते.

तिचे बाकीचे सगळे नव्वद साली जर्मनीला गेले.
काहींनी जाताना ताटं धुऊन पालथी घातली होती.
उरलं ते तटबंदीचं चर्च,
ज्याच्या बुरुजात अजून डुकराच्या चरबीचा वास येतो,
आणि त्याच्यावर एकवीस हजार कौलं,
बीव्हरच्या शेपटीच्या आकाराची.
आकडा माझा. मी मोजली.
मी टपाल वाटते आणि समितीचं दप्तर सांभाळते,
दोन्ही कामं अर्ध्या पगाराची.

सरपंच म्हणाले, पत्रा घाला. लाल. पन्नास वर्षं बघायला नको.
बुखारेस्टहून आलेली स्मरांदा वाद घालत बसली नाही,
तिने शिडी लावली आणि धरून उभी राहिली,
वर कोण येतंय बघत.

वर गेला इलारिए.
त्याची भट्टी ओढ्यापलीकडे, रोमांच्या वस्तीत.
त्याचे आजेपणजे याच भट्टीत कौलं भाजायचे
आणि चर्चमध्ये यायचं झालं
तर छपरावर यायचे, दारातून नाही.

तो एकेक कौल उचलतो,
बोटाच्या पेराने टिचकी मारतो, कान देतो.
खणखणीत, तर डावीकडे.
बद्द, तर उजवीकडे.
सप्टेंबरभर गावात हाच आवाज:
खण्ण. खण्ण. बद्द. खण्ण.
मधेच एखाद्यावर कुत्र्याचा पंजा,
एखाद्यावर पोराची टाच,
एकावर तर नुसते थेंब,
भट्टीत जायच्या आधी उघड्यावर राहिलेल्या मातीवर
दोनशे वर्षांपूर्वी पडून गेलेल्या सरीचे.

मग एका गुरुवारी खाली आलं
खिळ्याने ओरखडलेलं, अक्षरांचं कौल.
हर्मिनेबाईने चष्मा बदलला. ती जुनी वळणं
आता तिच्याशिवाय कुणाला लागत नाहीत.
ओठ हलवत वाचलं. परत वाचलं.
आणि हसली, इतकं, की किल्ली पायावर पडली.

"सतराशे एक्क्याऐंशी. हजार दिली, पैसे पाचशेचे.
पाद्री म्हणतो, उरलेले देव देईल."

झालं. सीबिउच्या संग्रहालयाला ते काचेत हवं,
सरपंचांना कचेरीत, खुर्चीच्या मागे.
समितीने कौलाबद्दल कौल घ्यायचं ठरवलं,
हात वर झाले, तीन इकडे, तीन तिकडे,
सातवे सभासद द्राक्षं उतरवायला गेलेले.

इलारिए उंबऱ्यावर बसून हात खरवडत होता.
तो समितीत नाही. स्मरांदाने तरी त्यालाच विचारलं.
त्याने कौल घेतलं, टिचकी मारली.
खण्ण.
"वाजतंय अजून," म्हणाला,
"आणि वर एक कमी आहे."

लिहिणारा त्याचा कुणी होता का, कोण जाणे.
इलारिएच्या बापाला सहीसुद्धा येत नव्हती.
पण त्याने ते जिथून काढलं तिथेच बसवलं,
अक्षरं आतल्या अंगाला, वटवाघळांनी वाचावीत म्हणून.

शेजारी लागलं या भट्टीतलं नवं,
अजून गाजरासारखं लाल.
त्याच्यावरही काहीतरी आहे, मला स्मरांदाने सांगितलं,
भाजण्याआधी खिळ्याने घातलेलं, मोठ्या, ठाशीव अक्षरांत:
यंदाचं साल,
कौलं सात हजार,
पैसे साडेतीन हजारांचे,
उरलेल्यांसाठी टपालवालीला विचारा.

अनुदानाचा दुसरा हप्ता अजून यायचाय.
रोज सकाळी मी चर्चखालून सायकल काढते,
मान वर न करता.