लबाड पट्टी

महापे, सातवा मजला. फाइल उघडली
तर पडद्यावर नुसता राखाडी उजेड.
"कवच कुठंय?"
बिजू खुर्ची सरकवत आला. "आहे की.
तू त्याच्या आत उभी आहेस."

रबाळ्याहून इथं येता येता
एवढ्याशा वाटेत
मिलिमीटरांचे मीटर झाले होते.
पंपाचं दीड वीत कवच,
आता पारसिकच्या डोंगरानं मान वर करून बघावं असं,
आणि वजन, अकरा किलोऐवजी, अकरा अब्ज.
लांबी हजारपट झाली की वजन हजारावर थांबत नाही
हे शाळेत शिकले होते,
तरी आकडा समोर आल्यावर लाजल्यासारखं झालं.

सगळं निवडलं. गुणक: शून्य पॉइंट शून्य शून्य एक.
कवच आटलं, पंखा आटला, बोल्ट आटले,
जो तो आपापल्या मध्याशी.
अंतरांना आटायला कुणी सांगितलंच नाही.
आठ बोल्ट आठ दिशांना, शंभर-शंभर मीटरवर,
खिळ्याएवढे,
पकडायला काही नसताना आवळलेले.
"मूळबिंदू एकच धर सगळ्यांना," बिजू म्हणाला
आणि डबा उघडायला गेला.

मग जमलं. पाणी सोडलं.
रात्रभर मशीन हिशेब करत बसलं
आणि सकाळी दाब कमी.
पुन्हा केलं, जाळी बारीक करून. पुन्हा तेवढाच कमी.
पंखा बरोबर होता. कवच ढगळ होतं,
थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा तसं.
तीनशेच्या जागी तीनशे तीन.
रबाळ्याचे लोक फोनवर म्हणाले, आमचं ड्रॉइंग चुकत नाही.

रविवारी किसननगरला गेले.
बाबा, भालचंद्र पांचाळ, वागळे इस्टेटीत
एकतीस वर्षं ओतकामाचे लाकडी नमुने करायचे.
त्या फाउंड्रीच्या जागी आता काचेची इमारत आहे,
बाबा तिच्याकडे बघत नाहीत, पण रस्ताही बदलत नाहीत.
त्यांच्या पेटीत अजून ती पोलादी पट्टी आहे,
जिच्यावरचा फूट फुटाहून मोठा असतो.
बिडाला फुटामागे एक सूत,
पितळेला दीड, पोलादाला दोन.
धातू थंड होताना अंग चोरतो,
म्हणून आधीच तेवढं वाढवून द्यायचं.

लहानपणी मी तिनं स्वतःला मोजलं होतं.
शाळेत चार फूट एक इंच,
घरी अर्धा इंच कमी. रडले.
"ही पट्टी निवल्यानंतरचं सांगते," बाबा म्हणाले होते.
"तू अजून गरम आहेस."

तीनशे तीन, असं मी नुसतं बोलले
आणि ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत.
"अगं, बिडाचं ना? फुटामागे सूत.
त्यांनी वस्तू पाठवलीच नाही.
नमुना पाठवलाय."

सोमवारी मी फक्त कवच निवडलं,
एक टक्का खाली आणलं, मूळबिंदू धरून.
दाब जुळला. रबाळ्याहून कुणी चूक कबूल केली नाही,
दुसरी फाइल आली, तिच्या नावात 'अंतिम' दोनदा होतं.

बाबांना फोनवर सांगितलं.
"किती वेळ लागला?"
एक क्षण, म्हटलं. आकडा घातला, झालं.
पलीकडे बराच वेळ काही नाही, नुसता पंख्याचा आवाज.
मग त्यांनी विचारलं,
"आणि काढलेलं कुठं पडतं?"

काय?

"भुसा गं. छिलके.
एक टक्का काढलंस ना सगळीकडून."

मी खरंच टेबलाखाली पाहिलं.
केबली होत्या,
आणि बिजूची एक चप्पल.