काच नको

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान.
देव, मयत माणसं, बारावीचे सत्कार,
वेंगुर्ल्यात भिंतीवर जे काही लागतं
ते आधी माझ्या टेबलावर पालथं पडतं.
चित्रं मी मागून ओळखतो.

गुणवंती आरोलकरांची मात्र
पालथी घालायला हात धजत नाही.
आतल्या पोरांना लागेल, असं वाटतं.

रंग सगळे खाऊचे.
लिमलेटच्या गोळीचा केशरी,
जत्रेतल्या खाज्याचा गुळकट पिवळा,
साखरेच्या कापसाचा गुलाबी, जिभेवर न टिकणारा.
लांबून बघाल तर बालवाडीची भिंत.
मग जवळ जावं, आणि

दोन रिबिनींची एक मुलगी
दोरीवरच्या उड्या मारतेय.
दोरीला खवले आहेत.
दोरी तिच्याकडे बघतेय.

दुसऱ्यात ओहोटी.
उघड्या पडलेल्या खडकावर कालवांच्या जागी
दुधाचे दात,
आणि एक पोरगी कोयती घेऊन उकिडवी बसलीय
आई बसते तशी,
परकर गुडघ्यांत खोचून.

तिसरं मला नीट सांगता येत नाही.
त्यात एक पाळणा आहे, रापणीच्या जाळ्याचा,
आणि तो ओढायला अख्खा गाव किनाऱ्यावर उभा,
दोन्ही बाजूंनी, आनंदात.

पुण्याच्या एकांनी ते घेतलं, बेडरूमसाठी.
चौथ्या महिन्यात परत.
खोक्यावर लाल अक्षरात : नाजूक.
फोनवर म्हणाले, चित्र छानच आहे हो,
पण त्यातला गाव रात्रीचा थांबत नाही.
बाईंनी पैसे परत केले.
पिठाचे हात पुसत मला म्हणाल्या,
"थांबतलो कसो? भरती येता."

मला चित्रातलं कळत नाही.
मुंबईच्या कुणी मोठं लिहिलं होतं त्यांच्यावर,
कात्रण मीच फ्रेम केलं,
त्यातला 'अतिवास्तव' तेवढा लक्षात राहिला.
अति कुठे, असं वाटलं मला.
लहानपणी खाटेखाली हे सगळं होतंच की.
मग आपण बॉक्सचे पलंग केले.

माझी उर्वी, साडेपाच वर्षांची,
शाळा सुटली की दुकानात.
दातांच्या चित्रापुढे खूप वेळ उभी राहिली.
मीच घाबरलो. म्हटलं, चल,
ती रडतेय बघ, आपण नको बघूया.
"रडना नाय ती," उर्वी म्हणाली. "मोजता."
आणि स्वतःचा हलता दात जिभेने ढकलत
तीही मोजायला लागली.
सव्वीसवर चुकली, पुन्हा एकपासून.

माझ्या हातची पहिली फ्रेम भावाची.
तो नऊचा, मी तेरा.
पोहता येत होतं त्याला.
फोटोत हसतोय, समोरचे दोन दात नाहीत.
सोनेरी पट्टी, मागे जाड पुठ्ठा,
आणि काच मी अशी बसवली होती
की मुंगीसुद्धा शिरू नये.

काल बाई नवं चित्र घेऊन आल्या, ओलंच,
रिक्षात मांडीवर आडवं धरून.
त्यात कोणीच नाही.
नुसती खाडी, खाज्याच्या पिवळ्या रंगाची,
आणि पाण्यावर वाळत घातलेला
शाळेचा शर्ट,
सगळी बटणं लावलेला.

मी बराच वेळ माप घेत राहिलो.
टेपवरचे आकडे दिसत होते, कळत नव्हते.

"काच नको रे," दरवेळचंच.
"पोरां गुदमरतली."
मी दरवेळचंच : हवा खारी आहे,
बुरशी धरेल, कसर लागेल.
"लागांदे. खाऊक तरी येतली कोण."

शटर अर्धं ओढून
मी भावाला भिंतीवरून उतरवलं,
टेबलावर पालथं घातलं.
खिळे गंजून लाकडाशी एक झालेत.
एक निघाला.
दुसऱ्यासाठी उर्वी पक्कड शोधतेय,
खाली, टेबलाच्या अंधारात,
आणि तिथून कुणाशी तरी
हळू आवाजात बोलतेय.