पुढून ओढणारी

आधी डिकी उघड.
स्टेपनी काढ, जॅक काढ, पाने काढ,
काकानं डिलिव्हरीला म्हणून दिवाळीपासून ठेवलेला
तो चादरींचा गठ्ठाही काढ.
मागं वजन कशाला बे? आपली गाडी पुढून ओढते.
सगळं राहील माझ्या गॅरेजात, कट्ट्याखाली,
खडूनं नाव घालून: सत्यम येमूल.

हवा घरून मोजून निघू नकोस.
होटगीपर्यंत जाईस्तोवर ऊनच दोन-तीन आकडे वाढवतं.
तिथं पोचून मोज. पुढं अठ्ठावीस, मागं अडतीस.

एसी बंद.
माहितीये, मे महिना आहे, टपावर भाकरी भाजेल.
पण एसीचं पाणी पट्टीवर ठिबकतं
आणि मागं उभा असलेला शिव्या घालतो,
मराठीत, तेलुगूत, कन्नडात,
एकाच श्वासात.

सुरुवातीला पाण्याचं डबकं केलेलं दिसेल.
ते तुझ्यासाठी नाही. वळसा घाल.
तुझ्या टायरला नक्षी आहे, नक्षीत पाणी बसतं
आणि नेमकं रेषेवर येऊन सांडतं.
हॅन्डब्रेक ओढून दोन सेकंद चाकं फिरव,
धूळ झाडण्यापुरती.
धूर बघायला लोक येतात,
टायरचे पैसे द्यायला येत नाहीत.

मग दिवे.
पहिला बारका दिवा लागेल, दुसरा लागेल, तिथंच थांब.
बोटभरही पुढं नको.
तीन पिवळे उतरत येतील.
हिरव्याची वाट बघणारा घरी जाऊन वाट बघतो.
शेवटच्या पिवळ्याला पाय निघालेला पाहिजे.

आणि क्लच.
क्लच सोडायचा नसतो. द्यायचा असतो.
विसाव्या वर्षी मी अशोक चौकात मागावर होतो, रात्रपाळी.
झटक्यानं चालू केला की ताणा तुटायचा,
मग अर्धा तास गाठी मारत बसायचं
दिव्याखाली, डोळे बारीक करून.
मुकादम बोलायचा नाही. वहीत लिहायचा.
तेव्हापासून कुठलंही यंत्र मी विचारून चालू करतो.

सुई तीन हजारांवर धर, मग हळू दे.
गाडी निघताना नाक उचलते, वजन मागं पळतं,
ज्या चाकांना हवं त्यांनाच सोडून.
चाक किंचाळलं तर समज,
आवाज मोठा आणि गाडी जागेवर.
अशी माणसंही बघितलीत मी.
पाय थोडा वर घे. पकडेल.
स्टिअरिंग एकीकडं ओढ घेईल, दोन्ही हातांनी धर,
भांडू नकोस.

शेजारच्याकडं बघू नकोस.
अकरा वर्षांपूर्वी मी बघितलं होतं.
दुसऱ्याऐवजी चौथा पडला.
गाडी ओरडली नाही, रडली नाही,
नुसती विचारात पडली.

चारशे दोन मीटर संपले तरी ब्रेकवर उडी नको.
पुढं जागा ठेवलीय, ती वापर.

एक कागदाची पट्टी देतील. अठरा सेकंद आणि काहीतरी.
हसतील. हसू दे.
त्याच्याच मागं पेनानं लिही: हवा किती, सुई किती, ऊन किती.
दुसऱ्या फेरीला एकच गोष्ट बदल.
दोन बदलल्यास तर कशानं फरक पडला
हे माझ्या उस्तादालाही सांगता यायचं नाही.

आणि हे सगळं तिथंच, हेल्मेट घालून.
विजापूर रोडवर नाही.
रात्री तो रिकामा दिसतो. दिवा नसलेली उसाची ट्रॉली
रिकाम्या रस्त्यासारखीच दिसते.
तिथून एक गाडी मी ओढून आणली होती.
चावी अजून खिळ्याला आहे,
कुणी न्यायला आलं नाही.

परतताना स्टेपनी घेऊन जा. कितीही वाजू देत, मी आहे.
सोमवारी याच गाडीनं आईला
डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय तुला.
पुढं बसेल ती. रबराचा वास येईल तिला, विचारेल.
काच खाली कर.
म्हण, ऊन लई आहे.